मायलेकींची कावीळ

गावात कावीळ शिरली ती उन्हाळ्याच्या तोंडाला. लागोपाठ दुसरं कोरडं वर्ष होतं. तेलगाव आमच्यापासून लांब नाही, माजलगावचं धरणही तसं जवळच, पण धरणाच्या तळाला त्या वर्षी नुसता चिखल उरला होता. उसाची खोडकं उभ्या रानात वाळून गेली. साखर कारखान्याचं धुराडं त्या हंगामात पेटलंच नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी माणसं कर्नाटकात पार लांबवर गेली, आणि मागं राहिलेल्यांना एका विहिरीचा आधार उरला. टँकर यायचा, विहिरीत पाणी सोडायचा आणि निघून जायचा. मग बायका चहूबाजूंनी दोर टाकून ते पाणी शेंदून काढायच्या. कडेलाच जनावरं बांधलेली असायची. सगळ्यांचे पोहरे, सगळ्यांचे दोर त्याच पाण्यात. आम्ही पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्यायचो आणि गाळलं म्हणजे ते चांगलं झालं, असं समजायचो.

मी तेव्हा गावच्या महिला दूध संस्थेची सचिव होते. सचिव म्हटलं की लोकांना खुर्ची दिसते. माझं काम सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घ्यायचं, दुधात फॅट किती ते यंत्रावर काढायचं, कॅन गरम पाण्यानं धुवायचे आणि दुधाची गाडी आली की कॅन चढवून द्यायचे. त्याआधी मी आणि आमच्या मालकांनी बारा वर्षं कोयता चालवला होता. संस्था निघाली आणि मी सातवी शिकलेली म्हणून अध्यक्षबाईंनी मला आत ओढलं. त्यामुळं माझी ऊसतोड सुटली. दुष्काळात निम्मी जनावरं चारा छावणीला गेली, दूध आटलं, दोन कॅन भरायची मारामार झाली, तरी अध्यक्षबाईंनी संकलन एक दिवस बंद ठेवलं नाही. "एकदा बंद पडलं की पुन्हा उघडायचं न्हाई," असं त्या म्हणायच्या.

तर कावीळ. आधी विहिरीजवळच्या दोन घरांत, मग आळीभर. डोळे हळदीसारखे, लघवी चहासारखी, अन्नाचा वास आला की पोटात ढवळायचं. निम्मं गाव शेजारच्या वाडीला जाऊन काविळीची माळ घालून आलं. मीही घालून आले. नंतर आरोग्य खात्याची माणसं आली. त्यांनी विहिरीचं पाणी तपासायला नेलं, औषध टाकलं, पाणी उकळून प्या म्हणून घरोघर सांगितलं. तीन-चार आठवड्यांत एकेकाचे डोळे पांढरे होत गेले. माळ घातलेले बरे झाले आणि न घातलेलेही बरे झाले.

माझे डोळे मात्र पिवळेच राहिले. दीड महिना झाला तरी मी कॅन उचलला की भिंतीला टेकून उभी राहायची. शेवटी मालकांनी मला माजलगावच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं एक तरुण डॉक्टर होता. सांगली-कोल्हापूरकडचा असावा, बोलण्यावरून तसं वाटायचं. त्यानं रक्त काढायला लावलं आणि चार दिवसांनी या म्हणाला.

चार दिवसांनी गेले तेव्हा त्यानं कागद हातात न देता स्टूल पुढं ओढलं.

"मावशी, बसा. तुम्हाला दोन काविळी आहेत."

मला वाटलं, पोरगा चेष्टा करतोय. "दोन कशा असतील, साहेब?"

"एक पाण्यातून आली. तुमच्या गावात सगळ्यांना झाली तीच. तिचा विषाणू घाण पाण्यातून पोटात जातो, तिथून यकृतात जातो, तिथं वाढतो आणि पुन्हा शौचातून बाहेर पडतो. पाणी खराब झालं की दुसऱ्याच्या पोटात. पण तो फार दिवस राहत नाही. शरीर त्याला हाकलतं. तुमच्यातनंही तो आता निघालाच आहे."

"अन् दुसरी?"

"दुसरी जुनी आहे. किती जुनी ते मला सांगता येणार नाही. तिला हिपॅटायटीस बी म्हणतात. ती पाण्यातून येत नाही, रक्तातून येते. तुम्हाला याआधी कधी कावीळ झाली होती?"

"कधीच न्हाई."

"घरात कुणाला यकृताचा आजार? आई, वडील, भावंडं?"

आणि मग मी त्याला आईचं सांगितलं. माझी आई ऊसतोडीची. माझा जन्मही कारखान्याच्या तळावरच्या कोपीत झाला, पाचटाच्या झोपडीत. मी अकरा-बारा वर्षांची असताना आईचं पोट फुगायला लागलं. हातपाय काड्यांसारखे आणि पोट सातव्या महिन्यासारखं. जलोदर झाला म्हणाले. कुणी करणी म्हणालं. एका दवाखान्यात पोटातलं पाणी काढलं, ते पुन्हा भरलं. आई गेली तेव्हा तिचे डोळे कसे होते, ते मला चांगलं आठवत होतं, पण पिवळ्या डोळ्यांचा आणि फुगलेल्या पोटाचा काही संबंध असेल असं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरनं ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाला, "नक्की सांगता येत नाही, पण बहुधा तिच्याकडून हा विषाणू तुम्हाला आला. जन्माच्या वेळी."

मी त्याला विचारलं, इतकी वर्षं अंगात विषाणू असताना मला काही कसं झालं नाही? मी कोयता चालवला, दोन पोरं काढली, कधी अंथरूण धरलं नाही. त्यानं मला जे सांगितलं ते मी आजही जसंच्या तसं सांगू शकते, कारण मी त्याला तीनदा पुन्हा सांगायला लावलं होतं. तो म्हणाला, हा विषाणू मोठ्या माणसाच्या अंगात शिरला तर शरीर त्याच्याशी भांडतं. त्या भांडणातच यकृत सुजतं, कावीळ होते, माणूस आजारी पडतो आणि बहुतेक वेळा सहा महिन्यांत विषाणू निघून जातो. पण तोच विषाणू नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या अंगात शिरला तर बाळाच्या शरीराला अजून भांडायचं कळत नाही. परकं काय नि आपलं काय, हे ते अजून शिकलेलं नसतं. म्हणून बाळ आजारी दिसत नाही आणि विषाणूही जात नाही. तो यकृताच्या पेशीत शिरतो, पेशीच्या पार गाभ्यात आपली एक प्रत ठेवून देतो आणि तिच्यावरून नव्या प्रती काढत राहतो. वर्षानुवर्षं. काहींचं यकृत शेवटपर्यंत टिकतं, काहींचं आतून घट्ट होत जातं, निबर होत जातं, आणि मग पोटात पाणी होतं.

"आता यकृत कसं आहे माझं?"

"अजून बरं आहे. बघत राहू. औषध लागलं तर देऊ. ते त्याला मुळातून काढत नाही, पण दाबून ठेवतं." मग त्यानं कागदावरून मान वर केली. "मावशी, तुम्हाला मुलं किती?"

"दोन," म्हणाले आणि मला लेक आठवली. माझी लेक गेवराईकडं दिलेली होती आणि तिला सातवा महिना चालू होता. पहिलं बाळंतपण, माहेरी आणायचं ठरलं होतं. गावातल्या काविळीमुळं मीच तिला थांबवून ठेवलं होतं, की पाणी नीट झाल्यावर ये.

त्या आठवड्यात घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. मालकांच्या रक्तात विषाणू कधीतरी येऊन गेल्याची खूण निघाली, पण विषाणू नव्हता. त्यांच्या शरीरानं तो केव्हाच हाकलला होता आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. मुलाच्या अंगात तो कधी शिरलाच नव्हता, त्याला लस दिली. लेकीला मी माजलगावला बोलावून घेतलं आणि तिचं रक्त दिलं. तिच्यात तो होता.

दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली बसून मी तिला ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"माय, म्हंजी हे मला तुझ्याकडून आलंय?"

"व्हय. अन् मला माझ्या मायकडून."

मला रडू आवरेना. लेकीनं माझ्या डोक्यावरचा पदर नीट केला, मीच तिची लेक असल्यासारखा.

"तू काय मुद्दाम दिलंय व्हय? रडतीस कावून? तुला तरी कुठं ठावं हुतं? डॉक्टरला विचार, ह्याचं काय करायचं," असं म्हणून तिनं पोटावर हात ठेवला.

डॉक्टरनं सांगितलं ते ऐकून मला पहिल्यांदा धीर आला. बाळ पोटात असताना हा विषाणू सहसा बाळात जात नाही. जातो तो जन्माच्या वेळी, आईचं रक्त लागून. आणि लागला तरी यकृतात ठाण मांडायला त्याला थोडा वेळ लागतो. त्या वेळात बाळाला दोन इंजेक्शनं द्यायची. एक लस. ती बाळाच्या शरीराला भांडायला शिकवते, पण शिकायला काही आठवडे जातात. म्हणून दुसरं इंजेक्शन, ज्यात दुसऱ्या माणसांच्या अंगात तयार झालेली ताकद आयतीच असते. बाळ शिकेपर्यंत ती पुरते. दोन्ही जन्मल्याबरोबर, बारा तासांच्या आत दिलेली बरी.

"लस आपल्याकडं फ्रीजमध्ये आहे," तो म्हणाला. "दुसरं इंजेक्शन इथं मिळत नाही. आंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यातून मागवावं लागेल. तारीख जवळ आली की मी मागवून ठेवतो."

आता दोन ठिकाणी तोंड उघडायचं राहिलं होतं. एक लेकीच्या सासरी आणि एक संस्थेत.

सासरी मी एकटी गेले. एसटीतून उतरून त्यांच्या घरापर्यंत चालताना दोनदा परत फिरावं वाटलं. ईनबाई, म्हणजे लेकीच्या सासूबाई, ओसरीवर ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, माझ्या आईपासून. त्या मान खाली घालून खडे वेचत राहिल्या. सुपातली ज्वारी संपली, तेव्हा त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता म्हणणार, घेऊन जा तुमची लेक.

मग त्या म्हणाल्या, "ईनबाई, तुमी हे सांगितलं नसतं तर आमाला कळलं नसतं."

"व्हय."

"म्हंजी बाळाला इंजेक्शन बी मिळालं नसतं."

"न्हाई मिळालं."

"मग बरं केलं आलात. जेवून जा. अन् बाळंतपणाला मी बी येते. पहिलंच हाय, दोघी असल्याल्या बऱ्या." एवढंच बोलून त्या चूल पेटवायला उठल्या. जावयांनी दुसऱ्याच दिवशी जाऊन आपलं रक्त तपासून घेतलं आणि लस टोचून घेतली.

संस्थेतलं इतकं सोपं झालं नाही. मी अध्यक्षबाईंना आधी एकांतात सांगितलं आणि म्हटलं, माझ्या हातून दूध जातं, लोक काय म्हणतील, मी काम सोडते. अध्यक्षबाई तशा रागीट. मला म्हणाल्या, "काम सोडल्यावर लोक म्हणतील, नक्की दुधातच काहीतरी हुतं. बस खाली. आपण डॉक्टरला बोलवू अन् समद्यांसमोर विचारू."

डॉक्टर एका रविवारी संध्याकाळच्या संकलनानंतर आला. सगळ्या सभासद बायका कॅनच्या कडेनं बसल्या. एका म्हातारीनं सरळ विचारलं, "हिनं हात लावलेलं दूध आमची लेकरं पितेत. त्यांचं काय?"

डॉक्टर म्हणाला, "हात लावून, एका ताटात जेवून, एका तांब्यानं पाणी पिऊन, दुधातून, खोकल्यातून हा विषाणू जात नाही. रक्त रक्ताला लागावं लागतं. एकच सुई अनेकांना, एकच ब्लेड अनेकांना, नवरा-बायकोचा संबंध आणि आईकडून बाळाला. तुम्हाला जी कावीळ झाली ती विहिरीची होती. हिची वेगळी. उलट, तुम्ही सगळ्यांनीच एकदा रक्त तपासून घ्या. हिला तरी कुठं माहीत होतं?"

दोन घरांनी तरीही दूध बंद केलं. एक घर महिन्याभरानं परत आलं, एक आलंच नाही. त्या दिवसांत मी फॅट काढत असताना रांगेतल्या बायका आपापलं बोलणं मध्येच थांबवायच्या, ते मला कळायचं. पण ती प्रश्न विचारणारी म्हातारीच दुसऱ्या सकाळी सगळ्यांत आधी आली आणि तिनं चरवी नेहमीसारखी माझ्या हातात दिली. मी तिचे आभार मानायला पाहिजे होते. तेव्हा सुचलं नाही.

पाणी नीट झाल्यावर लेक आणि ईनबाई आमच्याकडं येऊन राहिल्या. लेकीची तारीख अजून तीन आठवडे लांब असताना एका पहाटे तिच्या पोटात दुखायला लागलं. दवाखान्यात पोचलो आणि सकाळी आठच्या सुमारास मुलगी झाली. लहानखुरी, पण रडायला खणखणीत. ईनबाईंनी तिला फडक्यात घेतलं. डॉक्टर आला, त्यानं लगेच लस टोचली आणि मला बाजूला घेतलं.

"दुसरं इंजेक्शन अजून आलेलं नाही, मावशी. मी पुढच्या आठवड्यासाठी सांगून ठेवलं होतं. आता आंबाजोगाईला फोन केला, त्यांच्याकडं आहे. दवाखान्याची गाडी दुसरा पेशंट घेऊन बीडला गेलीय. तुमच्याकडं कुणाची गाडी आहे?"

मला एकच गाडी आठवली. आमच्या दुधाची. त्या वेळेला ती कॅन उतरवून मोकळी झालेली असायची. मी ड्रायव्हरला फोन लावला. हा माणूस एरवी पाच मिनिटं उशीर झाला की माझ्याशी भांडायचा. मी सांगितलं तसं तो म्हणाला, "थांबा तिथंच. आलो."

निघताना डॉक्टरनं मला बजावलं, "थंड ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही. बर्फाला टेकलं की वाया गेलं." ते मला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. नमुन्याच्या दुधाच्या बाटल्या न्यायला आमच्याकडं थर्माकोलचा एक डबा होता. ड्रायव्हरनं तो आठवणीनं आणला होता, बर्फासकट. मी बर्फावर वर्तमानपत्राची घडी घातली, वर कापूस घातला, आणि डबा मांडीवर घेऊन बसले.

तेलगाव मागं पडलं. मागं रिकामे कॅन एकमेकांवर आपटत होते. दोन्ही बाजूंना रानं उघडी, कापसाच्या पऱ्हाट्या तेवढ्या उभ्या. धारूरच्या घाटात चारा भरलेले ट्रॅक्टर रांगेत अडकले होते, त्यांच्यामागं आम्ही पहिल्या गियरवर चढत राहिलो. घाट चढून वर आलो आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली.

"रेडिएटर तापलंय, आक्का. पाणी पाहिजे."

त्याचा पाण्याचा डबा रिकामा होता. मी डबा छातीशी घट्ट धरून खाली उतरले. जरा पुढं रस्त्याच्या कडेला एका वस्तीवर टँकर येऊन गेला होता. बायका भरलेल्या घागरी घेऊन परत निघाल्या होत्या. गाडीच्या रेडिएटरला पाणी मागायला माझी जीभ उचलेना. मी स्वतः अशा रांगेत उभी राहिलेली बाई. एका घागरीसाठी बायका एकमेकींच्या झिंज्या धरतात, ते मी पाहिलं होतं.

ड्रायव्हरच पुढं झाला. "मावशे, थोडं पाणी द्या हो. दवाखान्याचं काम हाय."

पुढं चालणारी बाई थांबली. माझ्याच वयाची, उन्हानं काळी पडलेली. तिनं माझ्याकडं बघितलं, छातीशी धरलेल्या डब्याकडं बघितलं. "काय हाय त्यात?"

"काही न्हाई अजून. आंबाजोगाईहून इंजेक्शन आणायचंय. नात झालीय आज सकाळी."

"लेकीची का लेकाची?"

"लेकीची."

तिनं डोक्यावरची घागर उतरवली आणि ड्रायव्हरच्या हातात दिली. "थोडं कशाला, लागंल तेवढं वता. मदीच कुठं बंद पडायला नगं." जवळजवळ अख्खी घागर रेडिएटरमध्ये गेली. दुसऱ्या बाईनं तिच्या घागरीतलं ड्रायव्हरच्या रिकाम्या डब्यात ओतून दिलं, वाटेत लागलं तर म्हणून. मी पहिल्या बाईचा हात धरला. तिला घाई होती. "जावा, जावा," म्हणाली आणि रिकामी घागर कमरेवर घेऊन परत टँकर थांबला होता तिकडं वळली. तिथं आता काही शिल्लक असेल असं मला वाटत नाही.

आडसमार्गे आम्ही आंबाजोगाईला पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. औषधाच्या खिडकीवरच्या माणसाला फोन आलेला होता. त्यानं चिठ्ठी बघितली, डबा उघडून बघितला, आत हात घालून कापूस दाबून बघितला.

"हे कुणी केलं?"

"मी. आमचं दुधाचं काम हाय."

"बरोबर केलंय," तो म्हणाला. एवढीशी काचेची बाटली. करंगळीएवढी. ती त्यानं कागदात गुंडाळून कापसावर ठेवली आणि झाकण स्वतः चिकटपट्टीनं बंद करून दिलं.

लगेच परत निघालो. घाट उतरताना खड्डा आला की तो आधी सांगायचा, "धरा, आक्का," आणि मी डबा वर उचलून धरायची. तीनच्या आत आम्ही माजलगावला होतो. डॉक्टर जेवायला गेलेला नव्हता, वाट बघत दारात उभा होता. एका मांडीत सकाळी लस दिलेली होती, दुसऱ्या मांडीत हे इंजेक्शन दिलं. नात जीव खाऊन रडली. ईनबाईंनी विचारलं, "आता अंगावर पाजायचं का न्हाई?" डॉक्टर म्हणाला, "खुशाल पाजा." लेकीनं तिला जवळ घेतलं तेव्हा मी दाराबाहेर येऊन पायरीवर बसले. ड्रायव्हर गाडीला टेकून बिडी ओढत होता. मी त्याला म्हटलं, तुला सकाळपासून उपाशी ठेवलं. तो म्हणाला, "संध्याकाळच्या कॅनला उशीर करू नका म्हंजी झालं," आणि गाडी सुरू करून निघून गेला.

पुढचे लसीचे डोस तिथंच झाले. खरं काय ते मात्र लगेच कळणार नव्हतं. बाळाच्या रक्तात आधी आईचीच खूण असू शकते, वर्ष उलटल्यावर तपासायचं, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. त्या वर्षात पाऊस बरा झाला. छावण्या उठल्या, जनावरं घरी आली, आमचे दोनाचे पाच कॅन झाले. त्या डॉक्टरची बदली झाली. जाताना तो आमच्या संस्थेत आला होता. आम्ही त्याला खव्याचे पेढे बांधून दिले. त्यानं मला पुन्हा एकदा बजावलं, सहा महिन्यांनी तपासणी चुकवू नका. मी ती आजवर चुकवलेली नाही. दोन वर्षांनी माझ्या गोळ्या सुरू झाल्या, रोज एक. यकृत आहे तसं आहे.

नातीचं रक्त द्यायला आम्ही तिघी गेलो होतो, लेक, ईनबाई आणि मी. नात तेव्हा सव्वा वर्षाची, पळायला लागलेली. तिला दोघींनी धरावं लागलं. निकाल घ्यायला मी एकटी गेले. प्रयोगशाळेत नवीन मुलगी होती, तिला आमची काहीच कथा माहीत नव्हती. तिनं कागद बघून सांगितलं, "विषाणू नाही. आणि लसीची ताकद चांगली आलीय अंगात."

"म्हंजी तिच्यापासून पुढं कुणाला जाणार न्हाई?"

"नाहीच तर कुठून जाणार?" असं म्हणून तिनं पुढच्या माणसाला हाक मारली.

मी बाहेर येऊन फोन लावला तो ईनबाईंना, लेकीला नाही. का ते मला सांगता येत नाही. ईनबाईंनी ते मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "थांबा, तिला बोलवते," आणि लांबून त्यांचा आवाज आला, अगं ये, तुझी माय हाय फोनवर, ये लवकर.

मला त्या दिवशी आई फार आठवली. तिच्या वेळेला ही लस नव्हती, ही तपासणी नव्हती, तिला आजाराचं नाव सांगणारं कुणी नव्हतं. तिनं मला कोपीत जन्म दिला, वाढवलं, सातवीपर्यंत शिकेन इतकं माझ्या मनात भरवलं, आणि तिला काय झालंय ते न कळताच ती गेली. तिच्याकडून मला काय काय आलं त्यात हा आजार सगळ्यांत लहान आहे, असं मला आता वाटतं.

लेकीला चार वर्षांनी दुसरं बाळ झालं, मुलगा. त्या वेळी शेवटचे महिने तिला गोळ्या दिल्या होत्या, म्हणजे रक्तातले विषाणू कमी होतात. आता पोटुशा बाईचं हे रक्त दवाखान्यात तपासतातच, आणि ते दुसरं इंजेक्शनही माजलगावच्याच फ्रीजमध्ये आधीपासून आणून ठेवलेलं होतं. बाळ जन्मल्यावर सिस्टरनं दोन्ही सुया दिल्या, कागदावर वेळ लिहिली आणि दुसऱ्या बाळाकडं वळली. मी बाकावर बसून होते. मला करायला काहीच नव्हतं. ईनबाईंनी चहा आणला, तो आम्ही दोघींनी बशीत ओतून निवांत प्यायला.